ऐकलेलं कुठं ठेवायचं?

गुरुवारी संध्याकाळी जळकोटला आमच्या घरी प्रार्थना असते. सात घरची माणसं येतात. सतरंजी, ढोलकी, खंजिरी, ‘उपासना संगीत’च्या दोन जुन्या प्रती, वचनातला एखादा भाग आणि शेवटी ज्याचे त्याचे प्रार्थनेचे विषय. पाळक महिन्यातून एकदा येतात. बाकीचे गुरुवार दोन वर्षांपासून माझ्याकडे आहेत. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे बोलायची सवय होती. ऐकायची नव्हती, हे या पावसाळ्यात कळलं.

कधीच न बोलणारी एक बाई एका गुरुवारी बोलली. सावकाराचं कर्ज झालंय, नवरा रात्री उठून नुसता अंगणात बसून राहतो, मला त्याची भीती वाटते. ती रडली. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. माणसं गेल्यावर माझं मन इतकं भरून आलं होतं की आणखी चार जणांनी तिच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून मी तो विषय व्हॉट्सॲपवरच्या प्रार्थना साखळीत टाकला. नाव लिहिलं नाही. ‘आमच्या बैठकीतली एक बहीण, नवरा शेतकरी, अजून विश्वासात नाही, सावकाराच्या कर्जानं बेजार’ एवढंच लिहिलं. जळकोटसारख्या गावात एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. शनिवारी आडतीवर तिच्या नवऱ्याला कुणीतरी चारचौघांत विचारलं, सावकाराचं किती राहिलं? पुढच्या गुरुवारी दोघंही आले नाहीत.

मी उदगीरला आत्याकडे गेलो. आत्यानं सारी नोकरी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून केली. ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिचा हात थांबला नाही.

“आत्या, मी ठरवलंय. यापुढं बैठकीत घरातलं काही काढायचंच नाही. आजारपण, परीक्षा, पाऊसपाणी, एवढेच विषय घ्यायचे.”

“मग त्या बाईनं दोन वर्षं पोटात धरलेलं कुठं न्यावं?”

“पण बोललं की गावभर होतंय.”

“गावभर तिनं केलं का तू?”

मी गप्प बसलो. तिनं सूप खाली ठेवलं.

“वॉर्डात खाटेभोवती पडदा असायचा बघ. हिरवं कापड, दांडी गंजलेली. डॉक्टर बाईला तपासायला आले की मी तो ओढायची. पडद्यानं आवाज अडत नाही. पलीकडच्या खाटेला सगळं ऐकू जायचं. पण पडदा ओढला की पलीकडची बाई तोंड भिंतीकडं करायची. तिला कुणी सांगायचं नाही. कापड दिसलं की तिला कळायचं, हे आपलं नाही. तुझ्या बैठकीत सात घरांनी ऐकलं, त्यात बिघडलं नाही. पडदा ओढायचं काम तुझं होतं. तूच तो फाडलास.”

“चांगल्यासाठी केलं, आत्या.”

“चांगल्यासाठीच केलंस. म्हणून तर तुला अजून कळंना झालंय.”

हे लागलं. तरी वाटेत मनात घोळणारी दुसरी गोष्ट मी बोललोच. “मग सगळं माझ्याजवळच ठेवू? सात घरांची गुपितं एकट्याच्या खिशात. एखाद्याचं मर्म आपल्याला ठाऊक असलं की तो आपल्यापुढं मान वर करून बोलत नाही. मी काही न करता त्यांचा मालक होऊन बसेन. याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात एकमेकांजवळ पाप कबूल करायला सांगितलंय. पुढाऱ्याजवळ, असं नाही.”

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे खरंय. हे मला सुचलं नव्हतं.”

आमचं घराणं बिदरकडच्या मेथोडिस्ट मिशनमधलं. उदगीरही 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच होतं. त्यामुळे मेथोडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची गोष्ट आम्हा दोघांना लहानपणापासून माहीत, पण या प्रश्नाशेजारी ती कधी ठेवून पाहिली नव्हती. 1742 साली ब्रिस्टलमध्ये वेस्लीच्या लोकांवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरलं, आणि वसुलीसाठी बारा-बारा जणांचे गट पाडले. गरिबांना एक पेनीही जड, अशी अडचण निघाली. तेव्हा एक जण उठला आणि सगळ्यांत गरीब अकरा माणसं माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचं मी भरीन, असं म्हणाला. पुढारी दर आठवड्याला घरोघर जायचा. पेनीसाठी गेलेल्याला घरातली परिस्थिती दिसायला लागली, आणि त्यातूनच मेथोडिस्टांच्या घरगटांची चाल पडली. पुढं घरोघर जायचं सोडून सगळ्यांनी एकत्र बसायला सुरुवात केली. एकेकट्याचं ऐकून गैरसमज वाढत होते, ते समोरासमोर बसल्याशिवाय मिटत नव्हते, हे त्यामागचं एक कारण. आणि मनातलं अगदी आतलं बोलायला वेस्लीनं निराळे, लहान गट ठेवले होते. त्यांचे नियम 1738 सालचे. त्यांत बाया बायांत आणि पुरुष पुरुषांत बसत.

“म्हणजे सगळं सगळ्यांत नाही, आणि सगळं एकाजवळही नाही,” आत्या म्हणाली. “त्या बाईचं आधी दोघी-तिघी बायांनी ऐकायचं. तुझ्यापर्यंत यायचं का नाही, ते तिनं सांगायचं.”

“तिला विचारून सांगितलं असतं तर चाललं असतं?”

“विचारून बघ. ती काय म्हणेल?”

मला ते आधीच माहीत होतं. ती म्हणाली असती, “सर, तुम्ही म्हणाल तसं.” शाळेत तिचं लेकरू माझ्या वर्गात आहे. अशा होकाराला काही अर्थ नाही. गट चालवणाऱ्यानं हे ओळखलं नाही, तर त्यानं कितीही नम्रतेनं विचारलं तरी तो हुकूमच असतो.

“आणखी एक सांगतो. तो विषय वाचून एका घरानं त्यांना पेरणीसाठी सोयाबीनचं बियाणं नेऊन दिलं. गोष्ट बाहेर गेली नसती तर ती मदत झाली नसती.”

“त्यांनी घेतलं?”

“नवऱ्यानं परत पाठवलं.”

“घेतलं असतं तरी मी हेच म्हणाले असते. बियाणं घरात येतंय, पण माणूस आडतीवरून खाली मान घालून येतो, ती मान कोण उचलणार?”

इथं आत्याशी माझं पूर्ण जमत नाही. कर्जात बुडालेल्या घराला अब्रूइतकीच बियाण्याची गरज असते. मराठवाड्यात शेतकऱ्यांनी जीव दिलेले आपण पाहिलेत. रात्री अंगणात बसणाऱ्या माणसाबद्दल गप्प राहणं कधी कधी पापच ठरेल. मी तिला ते बोललो. जिवाचा धोका दिसला तर पडदा बाजूला सारावाच लागतो, हे तिनं मान्य केलं. “पण तवा तू त्याच्याच दारात गेला असतास. फोनवर लिहीत बसला नसतास.”

“तो बाप्तिस्मा घेतलेला नाही. गाण्यासाठी यायचा, खंजिरी वाजवायचा. मला वाटलं, बायकोचं ऐकून आमच्यातलीच माणसं—”

“तुमच्यातली म्हणजे कोण रे? नारायण वामन टिळकांनी 1917 साली देवाचा दरबार काढला तो कशासाठी? बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसावेत म्हणून ना? तो पाहुणा होता म्हणून त्याची अब्रू स्वस्त झाली का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या विषयात ‘अजून विश्वासात नाही’ हे शब्द मी का घातले, ते मी स्वतःला बऱ्याचदा विचारतो.

चहा झाला. आत्या पुन्हा तूर निवडायला बसली. “मत्तयाच्या 18 व्या अध्यायात काय हाय? ज्याचं बिघडलंय त्याच्याकडं आधी एकट्यानं जा. जा मग. बायबल नेऊ नको, प्रार्थना करू का म्हणून विचारू नको. चूक माझी, एवढं सांग आणि बस. आणि गुरुवारी सगळ्यांसमोर सांग की साखळीत तू टाकलंस. न्हाई तर सात घरं एकमेकांकडं संशयानं बघत बसतील.”

मी रविवारी गेलो. तो औताला लोखंडी फास बसवत होता. मी सांगितलं. त्यानं तांब्या पुढं केला, मी पाणी प्यालो, तो काही बोलला नाही. गुरुवारी मी सर्वांसमोर कबूल केलं आणि प्रार्थना साखळीतून बाहेर पडलो.

त्यानंतर तीन गुरुवार झाले. ती येते, दारापाशी बसते, दोघी बायांशी हळू बोलते. काय बोलतात ते मी विचारलेलं नाही. तो अजून आलेला नाही. त्याची खंजिरी आमच्या खुंटीवर आहे.