थोडं सांगावं, भरभरून द्यावं



"तुम्हाला हे आवडेल. फार नाही, पण आवडेल." प्रयोगाआधी असं सांगणारा जादूगार विरळाच. पॉल डॅनियल्स यांनी मात्र एवढ्याच वाक्यावर ब्रिटनमधल्या घराघरांत जागा मिळवली.

त्यांचा जन्म १९३८ सालचा, मिडल्सबरोजवळच्या साउथ बँक या कामगारवस्तीतला. अकराव्या वर्षी जादूचं एक पुस्तक हाती पडलं आणि त्यांना त्या विद्येचं वेड लागलं. पुढे दिवसा किराणा मालाचा धंदा आणि रात्री कामगारांच्या क्लबांत प्रयोग, असं बरीच वर्षं चाललं. दिवसभर राबून आलेल्या त्या प्रेक्षकांना रिझवणं सोपं नव्हतं. ब्रॅडफर्डच्या क्लबात एक जण मध्येच ओरडला, "तुझा सूट नाही आवडला मला!" डॅनियल्स म्हणाले, "मला तुमचा आवडला. फार नाही, पण आवडला." हशा पिकला आणि त्यांना जन्मभराचं वाक्य गवसलं.

१९७९ मध्ये बीबीसीवर त्यांचा स्वतःचा जादूचा कार्यक्रम सुरू झाला. तो १९९४ पर्यंत चालला. १९८५ मध्ये त्याला माँत्रो महोत्सवाचा 'सुवर्ण गुलाब' हा मानाचा पुरस्कार मिळाला. त्यांचा गाजलेला एक प्रयोग तर केवळ एक पेला आणि एक छोटा चेंडू यांचा. चेंडू पेल्याखाली आहे की खिशात, एवढाच प्रश्न. कॅमेरा अगदी हातांवर रोखलेला, तरी पाहणाऱ्याचं उत्तर दर वेळी चुके आणि चुकल्याचाही आनंद होई.

याच कार्यक्रमात ते आणखी एक मोलाचं काम करत. जत्रेत, रस्त्यावर भामटे लोकांना कसे गंडवतात, ते खेळून दाखवत. भामट्याच्या बोटांतही सफाई असते. पण तो दामदुप्पट कबूल करतो आणि खिसा रिकामा करतो. डॅनियल्स थोडंसं कबूल करत आणि ओंजळ भरून देत. हातचलाखी दोघांचीही, पण एकाकडून लोक फसून जात, दुसऱ्याकडून सुखावून.

श्रोतेहो, २०१६ मध्ये डॅनियल्स गेले. पण त्यांच्या वाक्यातलं शहाणपण आज आपल्याला फार हवं आहे. महिनाभरात पैसे दुप्पट करून देतो, असे निरोप रोज आपल्या फोनवर येतात. वचन जितकं अवाढव्य, तितकी आपण अधिक चौकशी करावी. आणि आपण कुणाला शब्द देताना तो पेलेल इतकाच द्यावा. 'संध्याकाळपर्यंत करतो' म्हणून दुपारीच काम हातावेगळं करणाऱ्या माणसावर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात. त्या विश्वासासाठी कुठलीही हातचलाखी लागत नाही. आज कुणाला एखादा शब्द द्याल, तेव्हा तो थोडा कमी द्या आणि काम थोडं जास्त करा.