चाबीवरची वायर

गेल्या मे महिन्यात माझा भाचा रात्री साडेअकराला नागपूरच्या मिहान या औद्योगिक परिसरात रस्ता चुकला. तिथल्या नोकरीला लागून पंधरा दिवसही झाले नव्हते. सोबतच्या मुलाचे वडील एम्समध्ये भरती होते. त्याला तिथे सोडून हा परत निघाला आणि वाटेत फोन बंद पडला. वर्धा रोडला लागायला पाऊण तास गेला. मी रागावलो, "अरे, कुणाला विचारायचं ना!" तो म्हणाला, "मामा, विचारू कोनाले? रस्त्यावर मानूसच नव्हता."

हे उत्तर माझ्या मनातून जात नाही. जुन्या वस्त्यांत, महालात, इतवारीत आजही पत्ता पानठेल्यावर विचारतात. ठेलेवाला पानाला चुना लावता लावता गल्ली सांगतो, नाहीतर बाकावरचा कुणीतरी उठून चार पावलं सोबत येतो. मिहान आखताना असा ठेला कुणाच्या नकाशात नव्हता. 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, आणि शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी या गावांच्या शिवारात रुंद रस्ते, सेक्टर आणि लांबच लांब कुंपणभिंती आल्या. त्या शिवारातल्या माणसाला वाट पाठ होती ती ओढ्यावरून, बाभळीवरून, कुणाच्या विहिरीवरून. खुणा गेल्या आणि त्यांच्यासोबत वाट सांगणारी माणसंही गेली. मेट्रो 2019 मध्ये खापरीपर्यंत पोचली, पण स्टेशनपासून कंपनीच्या गेटपर्यंत जायचं तर गाडी लागतेच.

रस्त्याची माहिती पूर्वी रस्त्यावरच मिळायची, फुकट. आता ती ज्याच्या त्याच्या फोनमध्ये आहे आणि तो फोन जिवंत ठेवायची जबाबदारीही ज्याची त्याची. म्हणून मोटारसायकलच्या हँडलवरचा चार्जिंग सॉकेट मला हौशीची वस्तू वाटत नाही. पाठीवर पिशवी घेऊन जेवण पोचवणाऱ्या मुलाचं तर सगळंच फोनवर असतं: ऑर्डर, पत्ता, ओटीपी, पैसे. फोन गेला की त्या दिवसाची कमाई गेली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा गिग कामगाराची व्याख्या केली. त्याच वर्षी मोटार वाहन नियमही बदलले आणि लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, केवळ रस्ता पाहण्यासाठी फोन वापरायला मुभा मिळाली. पण पेट्रोल त्याचं, फोन त्याचा, चार्जिंगही त्याचंच. जो फोनवरून काम करून घेतो त्याने निदान एक धड सॉकेट बसवून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

धड म्हणतो, कारण भाच्याच्या गाडीला आम्ही बसवून घेतलेला पहिला सॉकेट तसा नव्हता. एका दुकानात घाईघाईने वायर थेट बॅटरीला जोडून दिली. भाचा आठवडाभर पुण्याला गेला, परत आला तर गाडी सेल्फ घेईना. हिशेब साधा आहे. काही न लावताही सॉकेटमधलं सर्किट थोडा करंट खातच असतं. तो 20 मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास होतो. गाडीची बॅटरी चारेक अँपिअर-तासांची. आठवड्यात उरतं काय?

दुसरा मिस्त्री वयाने लहान, पण हात शांत. म्हणाला, "काका, चाबीवर घेतो. डायरेक्ट घेतलं तं बॅटरी बसते." साइड पॅनल काढून तो टेस्ट लॅम्पचं टोक एकेका वायरला लावत गेला. चाबी फिरवली की दिवा लागणारी आणि बंद केली की विझणारी वायर सापडेपर्यंत घाई नाही. मग तिच्यावरून सॉकेटकडे नेलेल्या वायरवर दोन अँपिअरचा फ्यूज घातला, जोडावर स्लीव्ह चढवून ती लायटरने आक्रसवली. फोन पाच व्होल्टवर दोन अँपिअर घेतो म्हणजे दहा वॅट, बारा व्होल्टच्या बाजूने साधारण एक अँपिअर. 2017 पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत लागलेलेच असतात, हॅलोजन दिवा एकटाच 35 वॅटचा. त्यापुढे फोनचा भार किरकोळ, म्हणून गाडी चालू असेपर्यंत चिंता नाही.

शेवटी त्याने हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, मग उजवीकडे. वायर कुठे ताणली जाते का ते बोटाने चाचपलं आणि एक इंच ढील दिली. ते बोट मला अजून दिसतं.

नागपूरच्या उन्हात हँडलवरचा फोन तापतो आणि स्वतःच चार्जिंग थांबवतो. शिवाय इंजिनच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये दिला होता. म्हणून भाचा फोन टाकीवरच्या पाऊचमध्ये ठेवतो.

परवा गेटबाहेर डिलिव्हरीच्या एका मुलाने त्याच्याकडे दहा मिनिटं चार्जिंग मागितलं. त्याला कलकुहीच्या बाजूला जायचं होतं. ती वाट भाच्यालाही माहीत नव्हती. गाडी चालू ठेवून, फोन सुरू होईपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.