निसर्गाचे प्रेम आणि निसर्गाचे देणे

मराठीत निसर्गकवितेची गोष्ट निघाली की बालकवींचे नाव ओठांवर येते, आणि ते येणे योग्यच आहे. इंग्रजी रोमँटिक काव्याचे वारे मराठीत आणले केशवसुतांनी. पण त्या वाऱ्यावर सर्वांगाने डोलली ती त्र्यंबक बापूजी ठोमरे यांची कविता. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात कोवळ्या वयात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले. मधल्या अकरा वर्षांत त्यांनी जे लिहिले, त्यामुळे मराठी माणूस श्रावणाकडे काहीसा त्यांच्या डोळ्यांनी पाहू लागला.

तथापि या कवितेच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो केवळ टीकाशास्त्राचा नाही. झऱ्यावर प्रेम करणारा कवी खरोखर झऱ्यावर प्रेम करतो, की झऱ्यात दिसणाऱ्या स्वतःच्या मनावर? बालकवींचे मन उल्हसित असते तेव्हा फुले खेळतात, लाजतात, लग्ने लावतात; मन काळवंडले की तीच सृष्टी उदास होते. निसर्ग हा मनाचा आरसाच असेल, तर त्या प्रेमाला नैतिक मोल ते किती?

रोमँटिक वृत्ती जन्मली कोठे, हे आठवले तर प्रश्न अधिक टोकदार होतो. वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांचा प्रसिद्ध काव्यसंग्रह १७९८ चा. इंग्लंडात तेव्हा यंत्रे आली होती, गिरण्या वाढत होत्या, माणसे खेडी सोडून शहरांकडे लोटत होती. निसर्ग हातातून निसटू लागला तेव्हा तो डोळ्यांत भरला. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला घर पुरते दिसत नाही. त्यासाठी चार पावले दूर जावे लागते. हे दूरपण रोमँटिक दृष्टीचे बळ आहे आणि तिचा धोकाही त्यातच आहे.

आपल्याकडे या दोन दृष्टी पडताळून पाहण्याची सोय दैवाने एकाच मातीत करून ठेवली आहे. बालकवी १८९० साली धरणगावी जन्मले. बहिणाबाई चौधरी त्यांच्या दहा वर्षे आधी, १८८० साली, आसोद्याला. दोन्ही गावे जळगावच्या परिसरातली. काळी जमीन तीच, पाऊस तोच. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची कविता ग्रंथरूपाने आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली. तिच्यात पेरणी आहे, कापणी आहे, मळणी आहे. वाऱ्याला त्या आर्जवाने बोलावतात, कारण धान्य उफणायचे आहे. सुगरणीचा खोपा त्यांना मोहवतो तो तिच्या कारागिरीमुळे. कष्ट करणारीने कष्ट करणारीला दिलेली ती दाद आहे. बालकवींचा वारा मनाला स्पर्श करतो, बहिणाबाईंचा वारा कामाला येतो.

येथे झटकन निकाल देण्याचा मोह होतो: राबणारीचा निसर्ग खरा, पाहणाऱ्याचा खोटा. मर्ढेकरांनंतर चंद्र-चांदण्यांची टवाळी करणे हेच शहाणपणाचे लक्षण ठरले, तेव्हा हा निकाल सोपाही झाला. पण तो न्याय्य नाही. जगातील प्रत्येक वस्तूचे मोल तिच्या उपयोगावरून ठरावे, हा यंत्रयुगाचा नियम होता. त्याला पहिला मोठा नकार रोमँटिक कवींनी दिला. 'औदुंबर' या कवितेतील झाड कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ते पाण्यात पाय सोडून नुसते असते, आणि तरीही ते असावे असे आपल्याला वाटते. एखादी गोष्ट आपल्या कामाची नसूनही असावी असे वाटणे, ही नीतीची पहिली पायरी आहे. जो झाडाकडे फक्त लाकूड म्हणून पाहतो, तो माणसाकडेही फक्त हात म्हणून पाहू लागतो.

'हात' हा शब्द आला की कारखान्याच्या दाराशी येणे भाग आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. भोवती लहानमोठ्या उद्योगांची दाटी झाली आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या कामगारांनी बजाजनगर ही वस्ती भरली. येथे पाळीवर जाणाऱ्या कितीतरी माणसांच्या पाठीशी कोठेतरी कोरडवाहू शेत असते. भावाभावांत वाटून पट्टीएवढे उरलेले. बापाच्या लेखी ढग म्हणजे पेरणी, आणि ढग न येणे म्हणजे सावकार. १९७२ चा दुष्काळ ज्याने सोसला, त्याच्यापाशी निरभ्र आकाशाचे सौंदर्य कोण वर्णील? मुलगा मात्र त्या शेतापासून दूर आला. मृगाच्या पहिल्या सरीला शेडच्या दारातून मातीचा वास आला की त्याला गलबलून येते. दोन खोल्यांच्या घरापुढे तो रंगाच्या रिकाम्या डब्यात मोगरा लावतो. इंग्रज कवीला जे दूरपण लाभले तेच याच्याही वाट्याला आले. फरक इतकाच की याने ते मागितले नव्हते. ही ओढ ऐतखाऊंची चैन आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

पण धोका सुरू होतो तोही येथेच. दूर गेलेल्या मनाला शेत आठवते आणि कर्ज आठवत नाही. बांधावरचे चांदणे आठवते आणि त्याच बांधावरून घागरी वाहणारी आई आठवत नाही. सौंदर्य शिल्लक ठेवून त्याची किंमत विसरणे, हे रोमँटिक वृत्तीचे खरे पाप आहे. थोरांनाही ते चुकले नाही. सरोवरांच्या ज्या प्रदेशावर साऱ्या राष्ट्राचा हक्क वर्ड्‌स्वर्थने एकेकाळी सांगितला होता, त्याच प्रदेशात रेल्वे येऊ नये म्हणून त्याने १८४४ साली लेखणी उचलली. गिरणीकामगारांच्या झुंडींना हे सौंदर्य एका दिवसाच्या सहलीत कळायचे नाही, हा त्यातला एक युक्तिवाद होता. निसर्गावर एवढे प्रेम करणारा माणूस त्याच्या दाराशी पहारेकरी होऊन उभा राहिला! १८४७ साली रेल्वे आलीच.

आपल्या दाराशी नाथसागर आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण १९७६ साली झाले. १९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात आणि सायंकाळी पाण्यावर जो रंग चढतो तो पाहून कोणीही कवी व्हावे. पण त्या पाण्याखाली गावे आहेत, त्यांची देवळे आणि गावठाणे आहेत. तेच पाणी शेतांना जाते, शहराला जाते, वाळूजच्या यंत्रांनाही जाते. हे ठाऊक झाल्याने संध्याकाळ कमी सुंदर होत नाही. उलट, हे ठाऊक असूनही जी टिकते, तीच रसिकता खरी.

दोन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात, याची साक्ष याच जिल्ह्यात मिळाली. अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेड्याचे ना. धों. महानोर (१९४२–२०२३) शेती करीत होते आणि कविता लिहीत होते. १९६७ च्या 'रानातल्या कविता'मध्ये रानाची धुंदी आहे, तिला लाज वाटत नाही. आणि याच कवीने पुढे विधान परिषदेत शेतीच्या पाण्याचा प्रश्न मांडला. पाऊस अंगावर घेणारा माणूस पावसाचा हिशेबही मागू शकतो.

म्हणून निसर्गावर प्रेम करणाऱ्याला इतकेच विचारावे: तुला जे सुंदर दिसते, त्याचे मोल कोणी दिले हे तुला ठाऊक आहे काय? आणि ते ठाऊक झाल्यावर तू त्यातला आपला वाटा उचलशील काय? 'होय' म्हणणाऱ्याने खुशाल चांदण्यावर कविता करावी. ज्याला हे प्रश्नच नकोसे वाटतात, त्याचे प्रेम निसर्गावर नाही. ते स्वतःच्या आनंदावर आहे.