इकडच्या तिकडच्या

“एवढ्या कसल्या गप्पा मारता हो रोज?” असे घरातून विचारले गेले, की मी “इकडच्या तिकडच्या” असे उत्तर देतो. ते टाळाटाळीचे वाटते. पण खरेच त्याहून अधिक काही सांगता येत नाही. दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही चार-पाच म्हातारे संध्याकाळी तासभर टेकतो. कोथिंबिरीचा भाव, गुडघे, नातवंडांच्या शाळा, नळाचे पाणी. आणि या सर्वांत मिठासारखे क्रिकेट. घरी पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे विसरलेलेही असते.

असल्या बोलण्याला आमच्या वडीलधाऱ्यांनी ‘वायफळ’ ठरवून टाकले होते. पंडितांत मात्र एकमत नाही. ट्रोब्रियांड बेटांवर राहून आलेल्या मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली लिहिले, की माणसे पुष्कळदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत. बोलण्याने ती नुसती एकमेकांशी बांधली जातात. उलट हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचे १९२७ सालच्या ग्रंथात म्हणणे असे, की अशा बोलण्यात मूळ गोष्ट झाकली जाते आणि ती कळल्याचा भास मात्र होतो. मी आजवर बिनदिक्कत मॅलिनोव्स्कीच्या पक्षात होतो. कट्ट्यावर बसणारा माणूस दुसऱ्या कोणत्या पक्षात असणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या मास्तरांची पत्नी गेली. पंधरा-वीस दिवसांनी ते पहिल्यांदा कट्ट्यावर आले. घरी भेटायला गेलो तेव्हा म्हणायचे ते सारे म्हणून झाले होते. आता काय बोलावे? कोणी चपलेकडे पाहू लागला, कोणी मैदानातल्या पोरांकडे. शेवटी वकिलांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “काय हो मास्तर, एकाहत्तर साली ओव्हलवर वाडेकर खरेच झोपला होता का?”

मला वकिलांचा संताप आला. ही काय वेळ होती?

तरुण वाचकांसाठी सांगतो. २४ ऑगस्ट १९७१. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला होता. इंग्लंडमध्ये पहिलावहिला कसोटी विजय मिळवायला आपल्याला १७३ धावा हव्या होत्या. शेवटच्या दिवशी सकाळी कर्णधार वाडेकर आदल्या दिवशीच्या ४५ धावांत एकाचीही भर न घालता धावबाद झाला, आत गेला आणि चक्क झोपला. जिंकल्याचे त्याला उठवून सांगावे लागले म्हणे. २०१८ साली तो गेला. पण कट्ट्यावर त्याला अजूनही कोणी अहोजाहो करत नाही.

“अशक्य!” वकीलच पुढे म्हणाले. “संघ निम्म्यावर अडकलेला, आणि कर्णधाराला झोप? मागाहून रचलेली गोष्ट आहे ही.” बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या मित्राने सरदेसाई आणि विश्वनाथ खेळत होते याची आठवण करून दिली. मीही राग विसरून त्यांच्या ४० आणि ३३ धावा हिशेबात धरू लागलो. वाद छान रंगला होता.

“लागते झोप,” मास्तर म्हणाले. “आपल्या हातात काही उरले नाही ना, की लागते. त्या रात्री मला लागली होती. हॉस्पिटलातल्या बाकावर. नर्सने हलवून उठवले, तेव्हा ही गेलेली होती.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग वकील हळूच म्हणाले, “मग झोपला असेल बुवा वाडेकर.”

मास्तरांनी हे मुलालाही सांगितले नव्हते, असे नंतर कळले. सांत्वनाला आलेल्या माणसांसमोर ते कसे सांगणार? “कसे आहात?” या प्रश्नाला “ठीक” एवढेच उत्तर असते. त्यांना दुसऱ्याच कुणाच्या झोपेचा विषय निघायला हवा होता.

इथेच थांबलो असतो तर मॅलिनोव्स्कीचा जय झाला असता. पण मला आमचा आणखी एक सोबती आठवतो. दोन वर्षे तो रोज येत असे, आणि एके दिवशी यायचा बंद झाला. तीन महिन्यांनी कळले, की कर्जापायी जागा विकून तो मुलाकडे राहायला गेला. शेवटच्या संध्याकाळी एका नो-बॉलवरून तो आमच्याशी अर्धा तास हुज्जत घालत होता. त्याच्या घराचा पत्ता आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हता. आम्ही विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही, की विचारत नाही म्हणूनच तो आमच्यात येऊन बसत होता? दोन्ही खरे असेल. पण पहिले खरे असेल तर आमच्या त्या सगळ्या संध्याकाळींचे काय?

मी एकदा वकिलांना गाठून विचारले, “तुम्ही मुद्दामच तो विषय काढलात ना?”

“छे हो,” ते म्हणाले. “घाबरलो होतो. तोंडाला आले ते बोललो.”

मी त्यांना दयाळू ठरवून बसलो होतो. भीतीपोटी केलेल्या गोष्टीतून कुणाचे ओझे उतरले, तर तिचे श्रेय द्यायचे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. मास्तरांना त्याची फिकीर दिसत नाही. ते आता रोज येतात, थोडे उशिरानेच. वकील सरकून त्यांना जागा करून देतात आणि विचारतात, “काय मास्तर, आज गुडघा काय म्हणतो?” आणि मास्तर गुडघ्याचे सविस्तर सांगू लागतात.