दोन बाटल्या

पुष्कळ वर्षांपूर्वीची भाऊबीज. मामा लातुराहून एस.टी.ने नांदेडला आमच्या घरी आले, ते पिऊनच. आई ओवाळणीचे ताट घेऊन उभी होती. मी उंबरठ्यावर आडवा झालो आणि म्हणालो, "मनात आणले तर माणसाला सुटत नाही असे काय आहे?" मामा काही बोलले नाहीत. आल्या पावली परतले, ते पुन्हा आले नाहीत.

त्या वाक्याची आज मला लाज वाटते. ती लाज शिकविली उंदरांनी.

प्रयोगशाळेत उंदराच्या पिंजऱ्याला दोन बाटल्या टांगतात. एकीत नुसते पाणी, दुसरीत दारू मिसळलेले. कोणतीही प्यावी! फिनलंडमध्ये १९६०च्या दशकात दारू आवडीने पिणारे आणि ती टाळणारे असे उंदरांचे दोन वंशच निवडून निवडून तयार केले गेले. म्हणजे या ओढीचा काही अंश जन्माबरोबरच येतो. पुढे २०१८ साली स्वीडनमधील मार्कुस हायलिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूची सवय लागलेल्या उंदरांपुढे गोड पाण्याचा पर्याय ठेवला. बहुतेकांनी दारू सोडली. शेकडा पंधराच्या आसपास उंदीर मात्र दारूच मागत राहिले. पायाला विजेचा चटका बसला तरीही. त्यांच्या मेंदूतील बदामासारख्या आकाराच्या भागात एक प्रथिन कमी आढळले. गोड पाणी निवडणाऱ्या उंदरांमध्ये तेच प्रथिन मुद्दाम कमी केले, तेव्हा तेही दारूकडे वळले!

मग दोष कोणाचाच नाही काय? तसे मी म्हणणार नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे. आपल्या महाराष्ट्रातही दोन बाटल्या आहेत : उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातील दारूचे दुकान राहावे की जावे यासाठी बायाबापड्या रांगेत उभ्या राहून मते देतात. उंदराला आपल्या पिंजऱ्यावरची बाटली काढता येत नाही; गावाला येते. ज्या उसाच्या साखरेने आपली दिवाळी गोड होते, त्याच उसाच्या मळीतून दारूही निघते. तेव्हा एखाद्यापुढे कोणती बाटली टांगली जाते, याचा जाब एकट्या पिणाऱ्याने का द्यावा? आणि जो गोड पाणी पुढे असूनही वळत नाही, त्याला शिव्यांची नव्हे, औषधाची आणि सोबतीची गरज आहे.

आणखी एक ऋण आहे. चटका त्या मुक्या जिवाने सोसला. आपण त्यातून शिकलो. प्राण्यांच्या छळाविरुद्ध आपल्याकडे १९६० सालचा कायदा आहे आणि अशा प्रयोगांवर देखरेखही आहे. पण कायद्याने ते ऋण फिटत नाही. एवढे कळूनही मी तेच वाक्य पुन्हा बोललो, तर त्या जिवाचे सोसणे फुकट गेले.

मी मामांपुढे काय ठेवले होते? पाट दिला नाही, फराळाचे ताट दिले नाही. फक्त चटका दिला. आणि त्या चटक्याने त्यांची दारू सुटावी अशी अपेक्षा केली.

आई अजूनही दर भाऊबीजेला एक पाट जास्त मांडते. यंदा मी मामांना आणायला लातूरला जाणार आहे. बाटली उंबरठ्याबाहेर राहील. मामा मात्र आत येतील. प्यालेले असले तरी.