मौनाचा जमाखर्च

सुख ही ज्याची त्याची खाजगी मिळकत आहे, आणि ती पदरात पाडून घेण्यासाठी मनुष्याने काही काळ तरी आप्तेष्टांच्या गराड्यातून अंग काढून घेतले पाहिजे, हा समज अलीकडे सुशिक्षित समाजात इतका रूढ झाला आहे, की त्याची शहानिशा करण्याची गरजही कुणास भासेनाशी झाली आहे. सजगतेचे वर्ग निघतात, ध्यानाची शिबिरे भरतात, श्वासाकडे कसे पाहावे याचे धडे मोबाइलवर मिळतात. या साऱ्याविषयी माझ्या मनात आदरच आहे, कारण शिणलेल्या जिवाला घटकाभर विसावा देणारी कोणतीही गोष्ट मला क्षुद्र वाटत नाही. परंतु ज्या दर्शनांच्या नावाने हा व्यवहार चालतो, त्यांनी चित्ताची साधना आणि माणसामाणसांतील नाते यांची अशी फारकत केलेली नव्हती, आणि ही गोष्ट अंबरनाथसारख्या गावी राहणाऱ्याच्या लक्षात यायला ग्रंथांच्याही आधी गावच पुरेसे आहे.

आमचे शिवालय स्टेशनच्या पूर्वेस, वालधुनीच्या काठी उभे आहे. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख तेथे आहे आणि शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीशी त्याचा संबंध जोडला जातो. मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते आणि वरचे शिखर उघडे असल्यामुळे उजेड आकाशातून खाली येतो. महाशिवरात्रीला पश्चिमेकडची कुटुंबेच्या कुटुंबे, कडेवर मूल आणि हातात बेलाची पाने घेऊन, रूळ ओलांडून त्या बाजूस लोटतात, तेव्हा मनात येते, की ज्याला आपण महायोगी म्हणून दंडवत घालतो तोच उमेचा पती आणि दोन पुत्रांचा पिता म्हणून आपल्या ओव्यांत आणि कहाण्यांत नांदतो. योगी आणि गृहस्थ हे दोघे एकाच देवाच्या ठायी पाहण्यात आपल्या लोकांना कधी विसंगती वाटली नाही.

पश्चिमेचा दिनक्रम मात्र देवळाच्या नव्हे, लोहमार्गाच्या हुकमतीत चालतो. ऑर्डनन्सच्या वसाहतीतील घरे, काडेपेटीच्या जुन्या कारखान्याचे नाव अजून सांगणारा विम्को नाका, आणि त्या साऱ्यांतून पहाटेपासून स्टेशनाकडे वाहणारी माणसे हे येथील नित्याचे चित्र. मुंबई येथून सुमारे 60 किलोमीटर. दीड तास जाण्याचा, दीड तास येण्याचा. त्या डब्यात जी माणुसकी दिसते तिची नोंद कोणत्याही दर्शनग्रंथात नसली, तरी ती दर्शनाहून कमी नाही: काही ठरावीक स्टेशनांनंतर बसलेल्याने उठावे आणि उभ्याला जागा द्यावी, हा शिरस्ता कोणत्याही फर्मानाशिवाय चालत आला आहे, आणि शेजाऱ्याचा चेहरा उतरलेला पाहून पाळी नसतानाही उठणारे लोक तेथे आहेत.

हाच मनुष्य रात्री साडेआठाला घरी येतो. ताट वाढलेले असते. भातावर वरण असते, वाटीत आमटी निवत असते, ताटाच्या उजव्या अंगाला, पाण्याच्या पेल्याशेजारी, मोबाइल उताणा पडलेला असतो. आई सांगत असते, की सिलिंडरवाला आज आला नाही, शेजारच्या काकूंचा गुडघा पुन्हा सुजला आहे, धाकटी शाळेतून आली ती काही बोललीच नाही. तो ‘हं’ म्हणतो. तिसऱ्या वाक्यात त्याच्या मुलीची बातमी होती, ती त्याच्या कानावरून जाते, आणि आई ते ओळखते. मग ती चौथे वाक्य बोलत नाही, आमटीचे पातेले उचलून आत जाते. या घरात भांडण नाही, व्यसन नाही, कुणी कुणाचा अपमान केलेला नाही. आणि तरीही तेथे काहीतरी रोज थोडे थोडे झिजत असते. अशा घरातील माणसाला सकाळी वीस मिनिटे श्वासाकडे पाहण्याचा सल्ला मिळतो. तो सल्ला चुकीचा नाही. मात्र श्वासाकडे पाहण्यास शिकलेले मन आईच्या तिसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचले की नाही, हे कुणीच विचारत नाही.

पतंजलीने हे विचारले आहे, असे मी म्हणेन. योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त प्रसन्न कसे होते याचा विचार सुरू झाला, की तो प्रथम चार वृत्ती सांगतो: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, सत्कर्म करणाऱ्याविषयी मुदिता आणि दुष्कर्म करणाऱ्याविषयी उपेक्षा. श्वासाचा उपाय येतो तो त्याच्या पुढच्या सूत्रात. क्रमाला सूत्रकाराने किती महत्त्व दिले असेल यावर पंडितांनी वाद घालावा. मला तो क्रम फार बोलका वाटतो. मनाच्या शांतीचा पहिला उपाय दुसऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहावे हा आहे. बौद्ध परंपरेने याच चौघींना ब्रह्मविहार म्हटले, आणि बुद्धघोषाने आपल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात त्यांसाठी स्वतंत्र परिच्छेद खर्ची घातला.

या चौघींपैकी करुणा आपल्याला सोपी जाते, कारण दुःखितापुढे आपण वरच्या पायरीवर उभे असतो. मुदिता अवघड. सख्ख्या भावाने बदलापुरास मोठे घर घेतले, वास्तुशांतीचे आमंत्रण आले, आणि ते वाचताना घशात जे काही अडकते ते गिळून मनापासून आनंद मानणे, ही साधना पद्मासनाहून कठीण आहे. आणि उपेक्षेइतका दुरुपयोग तर कोणत्याच वृत्तीचा झालेला नसेल. उपेक्षा म्हणजे द्वेषाने न पेटता पाहणे. पाठ फिरवणे नव्हे, आणि अन्याय सोसणाऱ्याला गप्प बसविण्याचे साधन तर मुळीच नव्हे. ज्या सुनेचा घरात छळ होतो तिला ‘मन शांत ठेव’ असा उपदेश करणारा मनुष्य दर्शनाची साक्ष काढून अधर्माला जामीन राहतो. ही गोष्ट मी आग्रहाने लिहितो, कारण असा उपदेश करणारी माणसे सज्जन असतात आणि म्हणूनच त्यांचे ऐकले जाते.

ठाणे-रायगड भागात रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी 1943 साली सुरू केलेल्या श्रीबैठकीचा प्रसार मोठा आहे. तेथे दासबोधाचे निरूपण होते आणि लोक ते निमूट बसून ऐकतात. प्रपंच आधी नेटका करावा व मग परमार्थाचा विवेक धरावा, अशी समर्थांची स्पष्ट आज्ञा. स्वतः संसार न मांडलेल्या संन्याशाने ती द्यावी, यात मला मोठे औदार्य दिसते. ऐकण्याची ही शिस्त घरी नेली, तर अर्धे काम झाले.

आमच्या लोहमार्गाला कल्याणला दुसरा फाटा मिळतो, आणि त्या फाट्याने घाट चढले की इगतपुरी येते. ब्रह्मदेशात जन्मलेले आणि तेथेच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकलेले सत्यनारायण गोएंका 1969 साली भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून शिबिरे होऊ लागली. दहा दिवसांचे आर्य मौन, आधी श्वासाचे व मग शरीरावरील संवेदनांचे निरीक्षण, शुल्क काही नाही, सारा खर्च पूर्वीच्या साधकांच्या दानातून. या शिबिराची एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: दहाव्या दिवशी मौन सुटते आणि त्याच दिवशी मैत्रीभावना शिकविली जाते.

तथापि या मौनाच्या जमाखर्चात एक रक्कम बहुधा नोंदायची राहते. धर्मानंद कोसंबींचे उदाहरण घ्यावे. गोव्यातील साखवाळच्या या तरुणाने ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाविषयी वाचले आणि त्याला त्या धर्माचा ध्यास लागला. 1899 च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून तो निघाला, काशी-नेपाळ करीत 1902 मध्ये सिंहलद्वीपात पोहोचला, ब्रह्मदेशात राहिला, आणि काही वर्षांनी चीवर उतरवून पुन्हा संसारात आला. पुढे याच कोसंबींनी पाली भाषेचा अभ्यास महाराष्ट्रात रुजविला, ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनावर हार्वर्ड येथे श्रम केले, आणि मराठी वाचकाला बुद्ध त्यांच्याच हातून भेटला. हे ऋण फार मोठे आहे, आणि ते मान्य करतानाच मला वाटते, की त्या ऋणाच्या दस्तऐवजावर बाळाबाईंचीही सही असायला हवी होती. त्यांची ती वर्षे कशी गेली असतील याची कल्पना करण्यास कोणत्याही ध्यानाची जरुरी नाही.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडताना दोन पत्नींत संपत्तीची वाटणी करू लागतो, तेव्हा मैत्रेयी त्याला अडविते आणि ज्याच्यासाठी तुम्ही निघालात तेच मला द्या, असे मागणे मागते. आणि ऋषी तिला शेजारी बसवून ते देतो. मैत्रेयीची मागणी मला आजही प्रलंबित दिसते. पश्चिमेतील किती घरांतून पुरुष दहा दिवसांच्या शिबिरास जातात आणि त्या दहा दिवसांत दूध, शाळा, सासूचे औषध आणि गॅसचा नंबर यांचा बंदोबस्त कोण करते, हे विचारले की उत्तर सर्वत्र सारखे येते.

तेव्हा शिबिराहून परतणाऱ्या बंधूंना माझी एवढी विनंती आहे. घरी पोहोचल्यावर आपला अनुभव सांगण्याआधी घरच्यांचे दहा दिवस कसे गेले ते विचारावे, आणि उत्तर शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकावे. मग पत्नीचा किंवा आईचा अर्ज भरावा. शिबिरात स्त्रियांची सोय स्वतंत्र असते. आणि ती इगतपुरीस असेल तोवर दहा दिवसांची रजा काढून घर आपण सांभाळावे.