कौल कोणाचा घ्यावा?

जेथे आपला श्वास क्षणभरही टिकणार नाही, त्या स्थळाला आपण सहज नरक म्हणतो. परंतु तेथे कोणाचे घर असेल, तर त्या घराविषयी आपले काही कर्तव्य उरते काय? हा प्रश्न आज समुद्राच्या तळाशी उभा राहिला आहे, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सागरतळाला जेथे भेगा पडल्या आहेत, तेथे पाणी खाली झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते, खडकांतील धातू विरघळवून घेते आणि कोठे कोठे साडेतीनशे अंशांहूनही तप्त होऊन पुन्हा उसळते. वरच्या थंडगार पाण्याशी गाठ पडताच त्या धातूंचा साका बसून धुराडी उभी राहतात. असे झरे मनुष्याने प्रथम १९७७ साली गालापागोस बेटांजवळ पाहिले. सूर्यप्रकाश तेथे पोचत नाही. झऱ्यातील गंधकयुक्त वायूच्या बळावर वाढणारे सूक्ष्म जंतू हाच तेथील जीवसृष्टीचा आधार.

पूर्व प्रशांत महासागरात या धुराड्यांच्या भिंतींवर एक कृमी नळी बांधून राहतो. ज्वालामुखीने गाडलेल्या पाँपेई नगरीवरून त्याला नाव पडले. १९९८ साली त्याच्या नळीत शेपटाशी ८१ अंश आणि तोंडाशी २२ अंश उष्णता मोजली गेली, तेव्हा तो अग्नीतच नांदतो असे वाटले. पुढे समुद्रतळाइतका दाब राखून त्याला तापविले असता ५० ते ५५ अंशांच्या उष्णतेत तो फार काळ तगत नाही, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे तो अग्नीत राहत नाही. अग्नी आणि हिम यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. तेवढीच त्याची पृथ्वी.

हे सारे परदेशीचे, असे कोणी समजू नये. आपल्या गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने चेन्नईच्या संस्थेच्या साहाय्याने हिंदी महासागरातील असा एक जिवंत झरा सुमारे ४,५०० मीटर खोलीवर टिपला. ती छायाचित्रे २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. २०१६ साली भारताने तेथील १०,००० चौरस किलोमीटर तळावर धातूंचा शोध घेण्याचा आंतरराष्ट्रीय करार केला आहे. तो शोधाचा आहे, खोदण्याचा नव्हे; परंतु शोधामागे खोदणे येऊ शकते. याच महासागराच्या झऱ्यांपाशी पायावर लोहयुक्त खवले असलेली एक गोगलगाय राहते. खाणकामाच्या भयामुळे २०१९ साली तिचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेले.

तेथे तांबे आणि जस्त आहे. आपली समई ज्या पितळेची, ती पितळ याच दोन धातूंची. तेव्हा धातू नकोतच, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

झरे आपोआपही निमतात, मग आपण मोडले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. घरातील वृद्ध कधीतरी जाणारच, म्हणून त्याचा गळा दाबण्याची मुभा मिळत नाही.

देवाच्या राईतील झाड तोडण्यापूर्वी कौल घेण्याची रीत आपल्याकडे आहे. देवाला लावलेली पाकळी उजवीकडे पडते, तशी डावीकडेही पडते. आणि डावा कौल मिळाला तर कुऱ्हाड खाली ठेवावी लागते. ज्याला नकार ऐकायचाच नाही, त्याने कौल मागणे हे ढोंग होय. भूमीवर हा विवेक आपल्याकडून सुटला. डिचोलीचे डोंगर त्याला साक्ष आहेत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला गोव्यातील खाणकाम थांबवावे लागले, तोवर आपण कोणाला विचारले होते?

कृमीला वाचा नाही. त्याच्या वतीने नकार उच्चारण्याचे काम आपल्याच विवेकाला करावे लागेल. मोडीतील तांबे आधी वितळवावे, गरज आणि हाव निराळी करावी, आणि जिवंत झऱ्याला हात लावू नये, असे आम्हांस वाटते. समुद्रतळाचा शोध अवश्य घ्यावा; परंतु तो घेणाऱ्याने डाव्या कौलाचीही तयारी ठेवावी.